धुराच्या दिवसांतलं रोस्तोव

काल सकाळी खिडकी उघडली आणि समोरचा ब्लॉक जागेवर नव्हता. म्हणजे असणारच, एवढी मोठी इमारत रात्रीतून कुठे जाते? पण तिच्या बाहेर काढलेल्या बांबूंवरचे कपडे तेवढे अधांतरी दिसत होते. मग वास आला आणि मी खिडकी लावून घेतली.

सिंगापूरला ऋतू नाहीत, असं इथे नवीन आलेली माणसं फोनवर घरी सांगतात. मीही सांगायचे. बारा महिने तोच घाम आणि तोच दुपारचा पाऊस. पण एक ऋतू आहे. तो दरवर्षी येईलच असं नाही, आला तर पितृपक्षाच्या आसपास येतो आणि समुद्रापलीकडून येतो. तिकडे सुमात्रात जंगलं आणि दलदलीची माती जळते, वारा फिरला की तो धूर आमच्या आंग मो किओच्या नवव्या मजल्यापर्यंत पोचतो. मग लोक बाकीचं बोलणं सोडून एकमेकांना "आज किती?" एवढंच विचारतात. किती म्हणजे हवेचा आकडा. काल लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे अंकल भेटले. एरवी माझ्याकडे बघून नुसती मान हलवतात. काल मास्कच्या आतून म्हणाले, "व्हेरी बॅड टुडे. डोन्ट गो आउट, लाह." मी ऑफिसला निघाले होते हे दोघांनाही दिसत होतं. मी "येस अंकल" म्हणाले आणि हार्बरफ्रंटला जाऊन संध्याकाळपर्यंत जहाजांच्या भाड्याचे हिशेब केले.

चार वर्षांपूर्वीचा धूर याहून दाट होता. किंवा तेव्हा मला सगळंच दाट दिसत असेल, खात्री नाही. त्या वर्षी जूनमध्ये श्रीरंग गेला. माझा नवरा. तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर होता. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसला आणि बसल्या जागी गेला. चव्वेचाळीस हे काही वय नव्हे, असं तेव्हा सगळे म्हणाले. मीही भेटायला येणाऱ्यांना तेच म्हणत होते, जणू त्यांचंच कोणी गेलंय आणि मी समाचाराला आले आहे.

मी रडले नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही आणि लाजूनही नाही. रडू आलं नाही, इतकंच. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं झालं होतं. आपला गाल आपल्याच हाताला परका लागतो. पुण्याला सगळे दिवस केले, नाशिकला जाऊन अस्थी सोडल्या, आणि मला आठवतं ते काय, तर रामकुंडाच्या पायऱ्यांवर कोणाच्या तरी मोबाइलची फार वेळ वाजत राहिलेली घंटा.

माझ्या सासूबाईही रडल्या नाहीत. मी त्यांना आईच म्हणते. निफाडकडच्या माहेरच्या, पुण्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, सासरे गेल्यावर आमच्याकडे सिंगापूरला येऊन राहिल्या. दिवस झाल्यावर त्या माझ्याबरोबर परत आल्या, कारण त्यांच्या गोळ्या, साड्या, देव, सगळं इथेच होतं. दोघी परत आलो आणि आपापल्या खोलीत गेलो. सकाळी त्या चहा करायच्या, रात्री मी कुकर लावायचे. कधीकधी तीन वाट्या तांदूळ घेतले जायचे. मग दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात.

त्यांचा इथे राहण्याचा पास श्रीरंगच्या नावावर होता. मुलगा आईला ठेवून घेऊ शकतो, असा तो पास. तो आता ऑक्टोबरच्या शेवटी सरणार होता. माझा माझा स्वतंत्र आहे, मी इथली पर्मनंट रेसिडेंट आहे, म्हणून तो माझ्या नावावर होईल का, ते विचारायला मी इमिग्रेशनच्या ऑफिसात गेले. खिडकीवरची मुलगी गोड होती. तिने स्क्रीनवर पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "युवर मदर, ऑर हिज मदर?"

"हिज."

"देन कॅनॉट, मॅडम. सो सॉरी, हां."

मी थँक्यू म्हणून बाहेर आले. त्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. तिने फक्त मोठ्याने विचारलं होतं, जे घरात आम्ही दोघी एकमेकींना विचारत नव्हतो. मधला माणूस गेल्यावर आता आम्ही एकमेकींच्या कोण? मूलबाळ नाही. असतं तर त्याची आजी आणि त्याची आई, असं काही नातं उरलं असतं. ठाण्याला माझे आईवडील होते, ते म्हणत होते, ये इकडे. पुण्याला आईंची जाऊ होती, ती त्यांना म्हणत होती, तिला मोकळं करा जाऊबाई, ती तरुण आहे. दोन्हीकडून बोलणी चालली होती आणि मध्ये आम्ही दोघी टीव्हीवर धुराचा आकडा बघत बसायचो.

रशियाच्या सहलीचं तर श्रीरंग असतानाच ठरलं होतं. तिघांची तिकिटं, तिघांचे व्हिसा, सप्टेंबरअखेरचा आठवडा. त्याला कारणही आईच. श्रीरंग लहान असताना घरी गुळगुळीत कागदाचं एक रशियन मासिक यायचं, अगदी स्वस्तात. वाचायचं कोणी नाही. त्याचा कागद पुस्तकांना कव्हर घालायला उत्तम, म्हणून अर्ध्या पुण्याने ते मासिक लावलं असावं. आईंचं कव्हर घालणं म्हणजे कडक काम, कोपऱ्याला एक सुरकुती दिसायची नाही. चौथीच्या गणिताच्या पुस्तकावर एक तळं आलं होतं. काठाला पांढरी भिंत, तिच्यावर कांद्यासारखे घुमट. वर्षभर भागाकार करताना श्रीरंग त्या तळ्याकडे बघत बसायचा आणि भागाकार चुकवायचा. मोठेपणी इंटरनेटवर शोधशोध शोधून त्याने जाहीर केलं की ते मॉस्कोच्या उत्तरेचं रोस्तोव. आपण तिघं जायचं, आईला दाखवायचं.

मी रद्द करणार होते. आई म्हणाल्या, "ठरलंय ना? मग जाऊ या." शाळेत वेळापत्रक पाळायची सवय, दुसरं काय. मीही बरं म्हणाले. त्या दिवसांत मला काहीही विचारलं असतं तरी मी बरंच म्हणाले असते.

विमानात आमच्या दोघींच्या मधल्या सीटवर कोणीतरी एक अनोळखी माणूस आला. पांघरूण डोक्यावर घेऊन मॉस्कोपर्यंत झोपला. मध्येच त्याचं डोकं आईंच्या खांद्यावर कलंडलं. मला वाटलं त्या हलवून उठवतील. त्यांनी खांदा तसाच ठेवला.

रोस्तोवला आगगाडीतून उतरलो तर तिथेही समोरचं काही दिसत नव्हतं. तो धूर नव्हता, धुकं होतं. ओलं, थंड, त्याला चिखलाचा आणि लाकडाचा वास. मी नकळत "आज किती?" असं म्हणून गेले. आई हसल्या नाहीत. त्यांनी साडीवर श्रीरंगचं जाड जॅकेट घातलं होतं आणि पायात माझे बूट. त्या अवतारात त्या गावभर फिरल्या आणि कोणी वळूनही पाहिलं नाही. तिथल्या म्हाताऱ्यांचा थाट साधारण तसाच होता.

उतरलो होतो गालिनाबाईंच्या घरी. लाकडी घर, नक्षीच्या खिडक्या, मागे सफरचंदाची झाडं. बाई एकट्याच राहायच्या, साठीच्या पुढच्या, अंगाने भक्कम. त्यांना रशियनखेरीज काही येत नव्हतं आणि आईंना मराठी सोडून दुसरं बोलायचं नव्हतं. मध्ये मी आणि माझा फोन. मी इंग्रजीत टाइप करायचं, फोन रशियन बोलणार, बाई उत्तर देणार, मी ते पुन्हा मराठीत आणणार. थोड्या वेळाने कंटाळून दोघींनी मला बाजूला केलं आणि आपापल्या भाषेत सुरू झाल्या. आईंनी तांदळाचं आणि मेतकुटाचं पाकीट दाखवलं, बाईंनी चूल दाखवली. भात झाला. बाईंनी मेतकूट चाखून डोळे मिचकावले आणि आणखी मागितलं.

पहिल्याच संध्याकाळी बाईंनी बोटाने आधी आईंकडे, मग माझ्याकडे दाखवून फोनला काहीतरी विचारलं. फोन म्हणाला, मुलगी का? मी सून असं टाइप करणार तेवढ्यात आईंनी मान हलवली. हो. मी फोन खाली ठेवला. समजावत बसायचा कंटाळा आला असेल, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेलो. त्या तळ्याचं नाव नेरो. केवढं मोठं, पण उथळ. लांबवर एक माणूस होडी ओढत नेत होता आणि पाणी त्याच्या कमरेलाही लागत नव्हतं. काठाला लव्हाळं, जुन्या फळ्यांचे धक्के, त्यावर उलट्या घातलेल्या होड्या. मागे तिथल्या क्रेमलिनची, म्हणजे जुन्या किल्ल्याची, पांढरी भिंत आणि घुमट, राखी रंगाचे, धुक्यात अर्धे बुडालेले. बर्चची पानं पिवळी होऊन चिखलात पडली होती. आई बराच वेळ उभ्या राहिल्या. एकदा भिंतीकडे तोंड करून, एकदा पाण्याकडे. मग धक्क्याच्या टोकाला जाऊन परत आल्या.

"मेधा, हे ते नाही."

"म्हणजे?"

"चित्रात तळं डावीकडे होतं. आणि घुमट निळे होते. मी कव्हर घातलंय, मला माहीत नसेल? हे दुसरंच गाव आहे."

आम्ही दोघी त्या दुसऱ्याच गावाकडे बघत राहिलो. काय करायचं असतं अशा वेळी? श्रीरंग असता तर त्याने वाद घातला असता, फोटो काढून दाखवले असते, चित्र उलटं छापलं असेल म्हणाला असता. मला वाद घालायला सुचलं नाही. वाईटही वाटलं नाही. "परत जायचं का?" मी विचारलं. "आलोच आहोत तर बघू," आई म्हणाल्या. मग आम्ही तिकीट काढून आत गेलो आणि जे आमचं नव्हतं ते सगळं नीट बघितलं. भिंतीच्या वरून चालायची झाकलेली वाट, चर्चमधल्या रंगवलेल्या भिंती, बोटभर मेणबत्त्या. घंटाघरात घंटा वाजायला लागल्या तेव्हा पायाखालची फरशी थरथरली. शेजारच्या एका बाईने डोळे पुसले. मी तिच्याकडे पाहून मनात म्हटलं, हिला बरं जमतं.

बाजारात कांद्याच्या वेण्या टांगल्या होत्या. तिथला कांदा प्रसिद्ध आहे म्हणे. आईंनी एक कांदा हातात घेऊन दाबला, वास घेतला, साल सोलून बघितली. निफाडचं माहेर एकदम जागं झालं. "ओला आहे अजून," त्या विक्रेतीला मराठीत म्हणाल्या, "आत्ताच वेणी घालायची नव्हती. टिकायचा नाही." ती बाई हसून दुसरी वेणी पुढे करायला लागली. गेल्या तीन महिन्यांत आईंचं एवढं लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं.

हे सगळं मला असं तुकड्यातुकड्यांत आठवतं. बघताना काही वाटत नव्हतं, म्हणून बहुतेक बघणं मात्र चांगलं झालं. आजही ऑफिसात बसल्याबसल्या तो उलट्या होड्यांचा धक्का मला फळीफळीने दिसतो. श्रीरंगचा चेहरा मात्र आठवायला बसलं की फोटोतलाच येतो.

निघायच्या दिवशी सकाळी बॅगा दाराशी आणल्या. टॅक्सी यायची होती. गालिनाबाई मागच्या बागेतून टोपलीभर सफरचंदं घेऊन आल्या. हिरवट पिवळी, अंगावर दव, सगळ्या ओसरीभर त्यांचा आंबटगोड वास. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि माझ्या जॅकेटचं पुढचं टोक धरून त्यांनी ते उचललं. असं धर, असं दाखवलं. पिशवी नव्हती त्यांच्याकडे, म्हणून.

मी जॅकेट धरलं नाही. समोर बाई, हातात फळं, पसरलेला पदर. याला आपल्याकडे एकच नाव आहे. जुलैत पुण्याहून निघताना आईंच्या जावेने करंडा आणला होता. भेटायला आलेल्या दोघीतिघींना हळदीकुंकू लावलं, त्यांच्या ओटीत तांदूळ घातले आणि माझ्यापाशी आल्यावर तिचा हात थांबला. कोणी वाईट बोललं नाही. तिचेच डोळे भरून आले, ती करंडा घेऊन आत गेली. आई तिथेच उंबऱ्याशी उभ्या होत्या. त्याही काही बोलल्या नव्हत्या. मला तेव्हा राग आला नाही, पण ते दृश्य मी विसरलेही नव्हते.

मी मागे वळून आईंकडे पाहिलं. त्या बॅगेची चेन लावत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "घे की. ओटीला नाही म्हणू नये."

मी जॅकेट धरलं. बाईंनी ओंजळीओंजळीने सफरचंदं घातली. मग त्या आईंकडे वळल्या. आईंनी क्षणभर श्रीरंगच्या जॅकेटची बटणं चाचपली, ती काढली, आतून साडीचा पदर सोडवला आणि दोन्ही हातांनी पुढे पसरला. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांनी त्यांच्या पदरात कोणी काही घातलं.

आपल्याकडे ओटी भरली की त्यातले चार दाणे परत द्यायचे असतात, देणारीचं घर रिकामं होऊ नये म्हणून. हाताला सवय असते. मी ओटीतलं एक सफरचंद उचललं आणि बाईंच्या टोपलीत ठेवलं. बाई चपापल्या. त्यांनी ते बाहेर काढलं, उजेडात धरलं, फिरवून फिरवून बघितलं. किडकं निघालं की काय? सापडलं काहीच नाही. तरी त्यांनी ते बाजूला ठेवून त्याऐवजी एक मोठं शोधून माझ्या जॅकेटात घातलं. आता माझी पंचाईत. मी तेही परत ठेवलं. बाईंचा चेहरा पडला. आपल्या झाडाला नावं ठेवली, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी तिसरं उचललं, स्वतः चावा घेऊन दाखवला, बघ, चांगलं आहे, आणि मग आईंचा धीर सुटला. त्या हसायला लागल्या. पदर दोन्ही हातांत, पुसता येईना, डोळ्यांतून पाणी, आणि हसू थांबेना. बाईही हसल्या. मी फोन काढून समजावणार होते, पण हात रिकामा नव्हता.

मॉस्कोच्या गाडीत बॅग मांडीवर घेऊन बसलो. बाहेर पिवळी झाडं मागे पळत होती. मला ती ओटी पचली नव्हती. ओटी भरतात ती मुलगी निघताना. मी सरळ विचारलं, "आई, म्हणजे ही माझी पाठवणी का?"

"कसली पाठवणी? पास माझा संपतोय. तुझा नाही."

"पुण्याला तुम्ही गप्प राहिलात."

"राहिले," त्या म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ती करंडा घेऊन आत गेली तेव्हा तिच्या हातून मी तो घ्यायला हवा होता. माझेही हात उचलले नाहीत ग. मला वाटलं, मी कोण? मलाच कोण लावतंय?"

त्यांच्या मांडीवरची बॅग घसरत होती, ती सावरून धरली.

परत आलो तेव्हा आंग मो किओत धूर तसाच होता. खिडक्या बंद करून आईंनी त्या सफरचंदांचा मुरांबा केला. वेलदोडा, थोडं केशर. बंद घरात तो वास दोन दिवस राहिला. मग ऑक्टोबर संपला.

चांगी विमानतळावर आईंसाठी व्हीलचेअर सांगितली होती, पण त्या बसेनात. आत जायच्या दरवाज्यापाशी आम्ही उभ्या राहिलो. माझ्या हातात त्यांची पर्स, त्यांच्या हातात माझ्या छत्रीचा दांडा, कसा कोण जाणे. त्या म्हणाल्या, "मेधा, एक सांगते. लोक तुला सांगतील, नवं काही बघ. बरोबरच सांगतील, माझीही ना नाही. उद्या तुझं कुठे जुळलं, तू दुसरीकडे गेलीस, मला सोडलंस, तरी चालेल. फक्त सांगून सोड. श्रीरंग न सांगता गेला."

त्यावर मी काय म्हणाले? "पासपोर्ट हातात ठेवा," म्हणाले. त्यांनी ठेवला. काचेपलीकडे जाऊन एकदा वळल्या आणि गेल्या. मी मेट्रोने घरी आले, कुकर लावला.

त्याला आता चार वर्षं झाली. मी वर्षातून एकदा पुण्याला जाते, कधी दोनदा. फोन रविवारी. फोनमध्ये विशेष काही नसतं. गुडघे, भाजी, जावेच्या नातवाची मुंज. माझ्यात काही बदललंय का, ते मला नीट सांगता येत नाही. अजूनही बऱ्याचशा गोष्टी काचेपलीकडून दिसतात. पण फोन संपताना आई एक प्रश्न विचारतात, दर वेळी तोच, आणि तो विचारायच्या आधी किंचित थांबतात. पहिली दोन वर्षं मला ती सवय वाटली. हल्ली मला ते थांबणं ऐकू येतं, आणि ऐकू आलं की छातीत दुखतं, खरोखरचं दुखतं.

काल रविवार नव्हता, तरी रात्रीचं जेवण करून मीच फोन लावला. धूर आलाय, सांगितलं. मास्क लाव म्हणाल्या, गुळण्या कर म्हणाल्या. मग पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही.

"काही सांगायचंय का?"

"नाही, आई."

त्यांनी सोडलेला श्वास मला इकडे ऐकू आला.

"बरं," आई म्हणाल्या. "मग ठेव आता. दूध उतू जाईल."